याच पायऱ्यांवर काकू डबा खायच्या

‘मुंबईतलं पहिलं घर! १६०० सालचा दुर्मीळ फोटो!’ हा फॉरवर्ड मी तीन महिने न वाचता पुढे सरकवत होते. परवा थोरल्या काकूंनी तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि काल भाचीने त्यातला फोटो शाळेच्या प्रोजेक्टच्या तक्त्यावर चिकटवला. फेव्हिकॉल अजून ओला आहे, तेवढ्यात लिहिते.

फोटोग्राफी जगापुढे आली १८३९ मध्ये. मग १६०० चा फोटो काढला कोणी, चित्रगुप्ताने? आणि ते खांब, त्या पायऱ्या? टाऊन हॉल आहे तो, १८३३ मध्ये पुरा झालेला. काकू फोर्टात नोकरीला होत्या तेव्हा याच पायऱ्यांवर डबा खायच्या!

घर होतं, हे मात्र खरं. टाऊन हॉलच्या मागे, आज नौदलाकडे असलेल्या आवारात. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५५४ च्या सुमारास मुंबई बेट खंडाने घेतलं, त्याचं हे बागेतलं घर. स्वतः राहायचा गोव्यात.

फॉरवर्ड पुढे म्हणतो, ‘राणी कॅथरीन इथेच वाढली.’ ही पोर्तुगालची राजकन्या, तिच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली; पण ती मुंबईत कधी आलीच नाही. ‘पोर्तुगिजांनी दहा पौंडांना मुंबई विकली.’ दहा पौंड खरे, पण ते १६६८ पासून ईस्ट इंडिया कंपनीने इंग्लंडच्या राजाला द्यायचं वर्षाचं भाडं. फॉरवर्डसोबतचं रंगीत चित्र मुंबईचंच आहे, कबूल. पण ते १७३२ च्या आसपासचं, त्यात दिसतो तो किल्ला, आणि ते काढणारे लॅम्बर्ट आणि स्कॉट हिंदुस्थानात कधी फिरकले नव्हते. कंपनीच्या लंडनच्या कचेरीत लावायला काढलेलं चित्र ते.

माझं डोकं फिरलं ते पुढच्या वाक्याने. ‘त्याआधी इथे नुसती दलदल, माणूस नव्हता.’ अहो, मग वैद्यबुवांनी खंड भरला तो कोणाच्या जिवावर, खेकड्यांच्या? बेटाचं नाव मुंबादेवीचं, पोर्तुगिजांनी ते फक्त वाकडं करून घेतलं. ओर्ताचं स्वतःचं पुस्तक गोव्यात १५६३ मध्ये छापलं गेलं. त्यात घारापुरीच्या लेण्यांचं वर्णन आहे. ती काय भरतीच्या पाण्याने कोरली? त्याच पुस्तकात मुंबईहून त्याचं कूळ आंबे घेऊन येतं, आणि बेटावरचं आपलं झाड वर्षातून दोनदा फळतं असं तो कौतुकाने सांगतो. त्या झाडाला आळं कोणी केलं, माकडांपासून राखलं कोणी, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याने कधी स्वतःला विचारलंय?

इंग्रज आले आणि त्यांनी घराभोवतीच तटबंदी उभारली. १६७० च्या दशकात आलेला कंपनीचा इंग्रज डॉक्टर फ्रायर हळहळतो, की बागेतल्या सावलीच्या वाटा उघड्या पडल्या आणि तिथे तोफा आल्या. कॅमेरा जन्मायच्या दीडशे वर्षं आधीच घराचा किल्ला झाला होता.

हे वाचून दाखवल्यावर भाचीने फोटो ओरबाडला. तक्त्याचा पापुद्रा निघाला.

“आत्या, आता इथे काय लावू?”

आंब्याचं झाड काढ म्हटलं, अर्धं मोहोराचं, अर्धं फळांचं. ती रंगपेटी शोधतेय.