खुलासा: समुद्रावरचं तेल साबणाने ‘नाहीसं’ होत नाही

‘२०१० साली मेक्सिकोच्या आखातात रसायन फवारलं आणि सगळं तेल गेलं; आपल्याकडेही साबणाचं पाणी ओता’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

तेव्हा त्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या फलाटावर झालेल्या स्फोटात ११ कामगार दगावले आणि समुद्रतळाची ती तेलविहीर ८७ दिवस वाहत राहिली. सुमारे ७० लाख लिटर रसायन वापरलं गेलं. त्याने तेल संपत नाही. बारीक थेंब होऊन पाण्यात खाली मिसळतं. जिवाणू ते थेंब खातात हे खरं, पण तोवर माशांची अंडी-पिल्लं त्याच पाण्यात असतात. विहिरीपासून ११ किलोमीटरवरच्या खोल प्रवाळांवर तपकिरी थर सापडला. पृष्ठभागावरून प्रत्यक्ष उपसलेलं तेल सरकारी हिशेबात जेमतेम ३ टक्के! अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या बॅराटारिया खाडीतल्या डॉल्फिनना फुप्फुसांचे आजार जडले.

साबण तर किनाऱ्याच्या उथळ पाण्यात नकोच. तिथे तो विरत नाही, शिंपल्या-खेकड्यांना बाधतो. पावसाळ्यात कोकण-गोव्याच्या वाळूवर येणारे डांबराचे गोळे (समुद्रातलं घट्ट झालेलं तेल) पायाला चिकटले तर रॉकेल वापरू नका. खोबरेल चोळा, फडक्याने पुसा, मग घरी साबणाने धुवा.

मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.