७.२ चा चार्जर लगेच का दिला नाही: एका स्टारच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही लिहिलंय की सेकंडहँड नेक्सॉन ईव्हीसाठी ७.२ किलोवॅटचा स्मार्ट चार्जर मागितला, तर आम्ही घरी येऊन मीटर लावत बसलो, चार्जर दिलाच नाही आणि वर अर्थिंगचा खर्च काढला. दुसरा दुकानदार तासाभरात बसवून देतो म्हणतोय. तुमचा राग मला समजतो. पण कोल्हापुरात जुनी इलेक्ट्रिक गाडी घेणारे आता बरेच आहेत आणि दुकानात आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न हाच असतो, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

तुमची गाडी २०२० ची, ३०.२ किलोवॅट-अवर बॅटरीची. तिच्या आतला ऑनबोर्ड चार्जर ३.३ किलोवॅटचा आहे. घरातल्या एसी विजेचं बॅटरीला लागणाऱ्या डीसी विजेत रूपांतर तोच करतो, भिंतीवरचा डबा फक्त वीज सुरक्षितपणे गाडीपर्यंत सोडतो. त्यामुळे भिंतीवर ७.२ चा लावला तरी ही गाडी ३.३ च घेणार आणि रिकामी बॅटरी भरायला नऊ-दहा तास जाणारच. नेक्सॉनमध्ये ७.२ चा पर्याय २०२२ च्या नेक्सॉन ईव्ही मॅक्स या मॉडेलपासून आला. टियागो ईव्हीत तर दोन्ही प्रकार आहेत, म्हणून जुनी गाडी घेताना नुसतं नाव नाही, व्हेरिएंट बघावा लागतो.

पुढे मोठी गाडी घ्यायची आहे, हा तुमचा मुद्दा बरोबर आहे. म्हणूनच कोटेशनमध्ये अँपिअर कमी-जास्त करता येणारा चार्जर आणि आत्ताच ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल धरली आहे. आज १६ अँपिअरवर चालवा, उद्या ३२ वर न्या. मात्र तुमच्या बिलावर मंजूर भार, म्हणजे महावितरणने तुमच्या घराला मंजूर केलेला विजेचा लोड, ३ किलोवॅट आहे. गिझर, मोटर आणि गाडी एकाच वेळी चालली तर तो आजच अपुरा पडतो.

आता अर्थिंग. तुमच्या पार्किंगच्या सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थमध्ये २८ व्होल्ट दिसत होते. तिथे दोन-तीनच्या वर जाऊ नयेत, असं आम्ही बघतो. तुमच्यासमोरच मीटर लावला होता. आधीच्या मालकाकडे गाडी व्यवस्थित चार्ज व्हायची हे खरं असेल, पण ती त्यांच्या घरच्या अर्थिंगवर. शाहूपुरीतल्या जुन्या घरांत अर्थिंगचा खड्डा कधी केला हे कुणाला आठवत नाही. पावसाळ्यात माती ओली असते तेव्हा सगळं चालतं, एप्रिल-मेमध्ये माती वाळली की गाडी चार्जिंग नाकारते आणि लोक गाडीला दोष देतात. त्याहून वाईट म्हणजे, एखादा कारागीर अर्थ आणि न्यूट्रल जोडून गाडीला फसवतो. दिवा हिरवा लागतो, पण न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यात करंट येऊ शकतो. तासाभराच्या कामात नेमकं काय केलं जाणार, हे त्या दुकानदाराला जरूर विचारा. घरात लहान मुलं आहेत, म्हणून हे कळकळीने सांगतोय.

आणखी एक. तुमचं पार्किंग २०१९ आणि २०२१ ला पाणी आलेल्या भागात आहे. चार्जर आणि त्याची एमसीबी-आरसीसीबी (जास्त लोड किंवा करंटची गळती झाली की वीज तोडणारी बटणं) भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेच्या वर बसवली पाहिजे, मग हात थोडा उंच करावा लागला तरी चालेल.

स्मार्ट चार्जरला माझा विरोध नाही. घरातला लोड बघून गाडीचे अँपिअर आपोआप उतरवणारा असेल तर तुमच्या घरात त्याचे पैसे वसूल होतील. गाडीचे युनिट वेगळे दिसतात, तेही उपयोगाचं, कारण महिन्याचा वापर ३०० युनिटच्या पुढे गेला की पुढचे युनिट वरच्या स्लॅबमध्ये जातात. नुसतं मोबाइलवर चालू-बंद करण्यासाठी मात्र जास्त पैसे घालू नका. पार्किंगमध्ये वायफायची रेंज येते का तेही बघा, आणि ॲप बंद पडलं तरी कार्डाने चालेल असाच घ्या.

अर्थिंग आमच्याकडूनच करून घ्या असा आग्रह नाही. कुठल्याही लायसनधारक वायरमनकडून करून घ्या, आम्ही येऊन मोफत तपासू आणि रीडिंग नीट आलं की कोटेशनमधला चार्जर त्याच दरात बसवू. मंजूर भार वाढवायचा अर्ज महावितरणच्या वेबसाइटवर तुम्हाला स्वतः भरता येतो. अडलं तर वीजबिल घेऊन दुकानात या, भरून देतो.