फाटलेला लिगामेंट आणि घाईचे ऑपरेशन

नाशिकमधील खेळाडूंच्या पालकांत, तसेच अंजनेरीच्या वाटेवर आणि पांडवलेणीच्या पायऱ्यांवर सराव करणाऱ्या धावपटूंत सध्या एक संदेश मोबाइलवरून फिरतो आहे. त्याचा आशय असा: घोट्याचा लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा तंतुमय पट्टा) फाटला की तो आपोआप कधीच जुळत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी एमआरआय काढून ऑपरेशन करावे, ऑपरेशन नको असेल तर सहा आठवडे प्लास्टर घालावे, आणि दुखणे थांबले की पाय बरा झाला असे समजावे. फिजिओथेरपिस्ट म्हणून रोज असे घोटे पाहणाऱ्या मला यातले एकही विधान जसेच्या तसे मान्य करता येत नाही.

‘आपोआप कधीच जुळत नाही’ ही समजूत बहुधा गुडघ्यावरून उचललेली आहे. गुडघ्यातला एसीएल नावाचा लिगामेंट सांध्याच्या पोकळीत असतो आणि तो पूर्ण तुटला की त्याची टोके सहसा नीट जुळत नाहीत. घोट्याची रचना निराळी आहे. पाऊल आतल्या बाजूला वळून मुरगळते तेव्हा बाहेरच्या बाजूच्या तीन लिगामेंटपैकी सर्वात आधी पुढचा दुखावतो, आणि तो तर सांध्याच्या आवरणातच विणलेला असतो. त्याला रक्तपुरवठा असतो, फाटलेली टोके एकमेकांजवळ राहतात आणि काही आठवड्यांत तेथे नवे तंतू भरू लागतात. भरलेला लिगामेंट कधीकधी थोडा सैल राहतो. ऑपरेशन आणि व्यायाम यांची तुलना करणाऱ्या काही अभ्यासांत ऑपरेशन झालेल्यांचा सांधा कमी सैल आढळला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मात्र जखमेचे त्रास, मज्जातंतूला होणारी इजा आणि सांध्याचा ताठरपणा हा त्या बाजूचा खर्च आहे. प्रत्येक मुरगळलेल्या घोट्यासाठी तो करावा, इतका भक्कम पुरावा नाही.

एमआरआयच्या घाईबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. पहिल्या दिवशी प्रश्न असतो तो हाड मोडले आहे का, एवढाच, आणि त्यासाठी कॅनडातील ओटावा येथे 1992 मध्ये मांडलेले नियम आजही वापरले जातात. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर, खालच्या 6 सेंटिमीटरच्या पट्ट्यात किंवा टोकावर बोटाने दाबून दुखते का, पावलाच्या बाहेरच्या कडेला करंगळीच्या लांब हाडाच्या बुडाशी किंवा आतल्या कमानीच्या वरच्या हाडावर दुखते का, आणि चार पावले टाकता येतात का, हे पाहून एक्स-रे काढायचा की नाही ते ठरते. वाढीच्या वयातील मुलांबाबत मात्र एक्स-रे काढण्यात हात जरा सैल ठेवावा, कारण त्यांच्यात हाडाच्या वाढीच्या थराला मार बसलेला असू शकतो. लिगामेंट किती फाटला, हे सूज थोडी उतरल्यावर, चार-पाच दिवसांनी केलेल्या तपासणीत अधिक नीट कळते. (तोवर आंबेहळदीचा लेप लावला तरी हरकत नाही, ‘शीर बसवून’ देणाऱ्याकडून घोटा चोळून घेणे मात्र टाळावे.)

प्लास्टरच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे, आणि म्हणूनच तो फसवा आहे. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत तीव्र मुरगळीसाठी गुडघ्याखालचे प्लास्टर घातलेल्यांची प्रगती तीन महिन्यांपर्यंत नुसती पट्टी बांधलेल्यांपेक्षा चांगली होती, पण ते प्लास्टर दहा दिवसांचे होते आणि नऊ महिन्यांनंतर दोन गटांत फरक उरला नव्हता. संदेशात दहा दिवसांचे सहा आठवडे कसे झाले, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. सहा आठवडे बंद राहिलेल्या पायाची पोटरी डोळ्यांना दिसेल इतकी उतरते आणि पुढचा महिना केवळ ताठरलेला सांधा सोडवण्यात जातो.

शेवटचे विधान सर्वात निरुपद्रवी वाटते, पण माझ्याकडे परत येणारे बहुतेक घोटे त्याच्यामुळेच येतात. मध्यंतरी पंचवटीतील एक खो-खोपटू मुलगी आली होती. सूज नाही, दुखणे नाही, आणि तरीही एका हंगामात तिसऱ्यांदा पाय मुरगळलेला. तिला बऱ्या पायावर डोळे मिटून उभे राहायला सांगितले, तेव्हा ती निवांत उभी राहिली. दुखावलेल्या पायावर मात्र घोट्यापुढच्या शिरा ताठ झाल्या, बोटांनी जमीन धरण्याची धडपड सुरू झाली आणि तीन-चार सेकंदांत तिचा हात भिंतीकडे गेला. लिगामेंटमध्ये पावलाची स्थिती मेंदूला कळवणारी चेतातंत्राची टोके असतात आणि इजेनंतर ती खबर पोहोचण्यात गफलत होते, ही मांडणी 1965 पासून वैद्यकीय लेखनात आहे. ही गफलत विश्रांतीने जात नाही, सरावाने जाते.

त्या सरावाला महागडी साधने लागत नाहीत. रबरी पट्टी पावलाला अडकवून पाऊल बाहेरच्या दिशेने ओढणे, जिन्याच्या पायरीवर टाचा उचलणे, भिंतीकडे तोंड करून टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवणे आणि ते अंतर रोज मोजणे, घडी घातलेल्या गोधडीवर एका पायावर उभे राहून चेंडू झेलणे, येथून सुरुवात होते. या मुलीने नंतर एका पायावर उड्या मारल्या, मग हळू धावली, मग खांबाला वळसा घालण्याचा सराव आधी निम्म्या वेगाने आणि शेवटी कोणीतरी मागे लागलेले असताना केला. दोन्ही पायांवर टाचा जवळपास सारख्याच वेळा उचलता आल्या आणि एका पायाच्या उडीचे अंतर दुसऱ्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत पोहोचले, तेव्हाच तिला सामन्याची परवानगी दिली, तीही उरलेल्या हंगामात घोट्याला ब्रेस, म्हणजे आधाराचा पट्टा, बांधून.

ऑपरेशन लागणारे घोटे असतातच. नडगीची दोन हाडे घोट्याच्या वरच्या बाजूला एकमेकांपासून फाकली असतील, सांध्यातील कूर्चेचा तुकडा निसटला असेल, किंवा तीन ते सहा महिने नेमाने व्यायाम करूनही पाय चालता चालता दगा देत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञाकडे जाण्यात दिरंगाई करू नये. फक्त त्या टेबलावरून उतरल्यावरही हीच गोधडी, हीच पायरी आणि हीच रबरी पट्टी वाट पाहत असते, हे त्या संदेशात कोठेच लिहिलेले नाही.