गच्चीवरील अडेनियम : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

अडेनियम, म्हणजे फुगीर बुंध्याचे आणि गुलाबी फुलांचे ‘डेझर्ट रोझ’, याच्या लागवडीवरील माझ्या लेखाखाली एका वाचकांनी जी प्रतिक्रिया दिली आहे, ती लेख वाचून गेलेल्या अनेकांनी वाचली असणार. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा मुख्य भाग येथे देतो : ‘वाळवंटातलं झाड कोकणच्या पावसात आणून कुंडीत डांबायचं आणि वर त्याला बागकाम म्हणायचं, हा झाडाचा निव्वळ छळ आहे. तुमच्या सांगण्यावरून आणलेली आमची दोन्ही झाडं श्रावणात सडली. चीक विषारी असतो हे शेवटी एका ओळीत उरकलंत. हजारोंची थाई कलमं घ्यायला लावण्यापेक्षा आपली कण्हेर लावा म्हणून का नाही सांगत? गूगलवर वाचून लिहिणाऱ्यांकडून आणखी काय अपेक्षा ठेवणार!’

मतभेदाला माझी हरकत नाही. बागकाम करणारी दोन माणसे एकत्र आली की पाणी किती घालावे यावरच त्यांचे एकमत होत नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु ज्या माणसाला आपण कधी भेटला नाहीत, ज्याची बाग कधी पाहिली नाही, त्याच्यावर झाडांच्या छळाचा आरोप एका ओळीत ठेवून मोकळे होणे, ही कोणत्या प्रकारची चर्चा आहे? माझ्या लेखात काय चुकले हे आपण सांगितले असते, तर त्याचे उत्तर चार ओळींत देता आले असते. आपण मात्र माझा हेतूच खोटा ठरवलात, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

प्रथम ‘गूगलवर वाचून लिहिणाऱ्यां’विषयी. नोकरीच्या निमित्ताने माझी उमेदीची वर्षे ओमानमधील सलाला येथे गेली. सलाला हे धोफार प्रांतातील बंदराचे गाव. तेथे नारळाच्या, केळीच्या, पपईच्या बागा आहेत आणि त्या पाहून कोकणातल्या माणसाला पहिल्या दिवशी आपण परदेशात आलो आहोत असे वाटतच नाही. गावाच्या पश्चिमेला मुघसैलच्या पुढे रस्ता घाट चढू लागतो. त्या घाटातील उतारांवर मी अडेनियम पाहिले ते कुंडीतले नव्हे, खडकातले. मातीचा थर असा तेथे नाहीच. चुनखडीच्या खडकाला पडलेल्या भेगेत मूळ शिरलेले, बुंधा भेगेच्या बाहेर फुगत गेलेला, साल राखाडी आणि गुळगुळीत, फांद्यांवर एकही पान नाही आणि टोकांना मात्र गुलाबी फुलांचे झुबके. बुंध्याला हात लावला तर उन्हाच्या बाजूने तो चटका बसेल इतका तापलेला असे आणि सावलीच्या बाजूने थंड लागे. भेगेत काडी घालून पाहिली तर कुजलेला थोडा पाला, थोडी वाळू आणि खडकाचा चुरा एवढेच हाताला लागे. माझ्या लेखात कुंडीतील मिश्रण म्हणून जे दिले आहे, म्हणजे जाड वाळू, विटांचे बारीक तुकडे आणि थोडेसे जुने शेणखत, त्याचा उगम त्या भेगेत आहे. गूगलमध्ये नाही.

आता आपल्या मूळ वाक्याकडे येतो, कारण त्यात गृहीत धरलेली गोष्टच चुकीची आहे. अडेनियम हे वाळूच्या टेकड्यांवर पावसाशिवाय जगणारे झाड आहे असे आपण समजता. अरबस्तानचा दक्षिण व नैर्ऋत्य भाग, पूर्व आफ्रिका आणि सहाराच्या दक्षिणेचा साहेलचा पट्टा हा त्याचा मुलूख. हा मुलूख कोरडा आणि तापलेला आहे हे खरे, पण तेथे पावसाचा ठराविक हंगाम असतो. साहेलमध्ये पाऊस येतो तो साधारण आपल्याच पावसाळ्याच्या महिन्यांत. धोफारमध्ये जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत जो ‘खरीफ’ असतो, तो तर आपल्याकडे पाऊस आणणाऱ्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचाच एक भाग आहे. त्या दिवसांत डोंगर धुक्यात बुडालेले असतात, झिमझिम थांबत नाही आणि एरवी करडे दिसणारे उतार हिरवेगार होतात. आपल्या मानाने ते पाणी फारच थोडे, हे मला मान्य आहे. तरीही उन्हाळ्याच्या उत्तरार्धात ओल आणि थंडीच्या दिवसांत कोरडेपणा, हा वर्षाचा क्रम त्या झाडाला आपल्याकडे येऊन नव्याने शिकावा लागत नाही. पाऊस सुरू होताच ते पालवते आणि थंडीत पाने गाळून स्वस्थ राहते. माझ्या गच्चीवरही ते हेच करते. ज्या झाडाचा छळ चालला आहे ते दर हंगामात नवी पालवी, नवी फुले आणि चांगले धरलेले बी देत नाही.

या झाडाची शास्त्रीय नोंदसुद्धा येमेनमधून झाली आहे. डेन्मार्कच्या राजाने 1761 मध्ये अरबस्तानात जी मोहीम पाठवली, तिच्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ पेटर फोर्सकोल याने या झाडाचे वर्णन लिहून ठेवले आणि 1763 च्या जुलैमध्ये तो येमेनमधील यरीम येथे हिवतापाने मरण पावला. त्याचे ग्रंथ 1775 मध्ये त्याचा सहकारी कार्स्टन नीबुर याने प्रसिद्ध केले. हा नीबुर येमेनहून थेट मुंबईला आला होता आणि घारापुरीच्या लेण्यांची मोजमापे व चित्रे त्याने काढली. मोहिमेतील सर्व सहकारी गमावून तो एकटाच मायदेशी परतला. फोर्सकोलने अडेनियमला कण्हेरीच्या कुळात, तिच्याच वंशात नोंदवले होते. पुढे 1819 मध्ये त्याला स्वतंत्र वंश मिळाला. हे मी विद्वत्ता मिरवायला सांगत नाही. ज्या झाडाची पहिली ओळख एका माणसाने जिवावर उदार होऊन करून दिली, त्याच्याविषयी मी गांभीर्यानेच लिहीत आलो आहे. ‘हौसेपोटी डांबून ठेवणारा’ असे कोणी म्हटले की त्याचा राग येतो, तो त्यासाठी.

आता सडण्याविषयी. दापोलीला वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माझी झाडे तेथेच आहेत. अडेनियम पडलेल्या पाण्याने मरत नाही, साचलेल्या पाण्याने मरते. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मिश्रण दाट असले की त्यातील पोकळ्या पाण्याने भरून जातात, मुळे गुदमरतात आणि अशा मुळांवर बुरशी चढते. सुपारीच्या बागेत कोळेरोग ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळे समजवावे लागणार नाही, कारण तो रोग करणाऱ्या फायटोफ्थोरासारख्या बुरशींना असाच सततचा ओलावा हवा असतो. रोपवाटिकेतून येणारे अडेनियम पुष्कळदा निव्वळ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, असते. विक्रेत्याला ते सोयीचे, वाहतुकीला हलके. पण तेच रोप आषाढात तसेच उघड्यावर ठेवले तर कोकोपीट आठवडेच्या आठवडे सुकत नाही. म्हणून घरी आणल्यावर मुळे मोकळी करून, दोन दिवस सावलीत सुकवून, मगच नव्या मिश्रणात लावावे, असे मी लेखाच्या पहिल्याच भागात स्पष्ट लिहिले होते. कुंडी पन्हळीखाली ठेवू नये, तळाला बशी ठेवू नये, भोक जाळीच्या तुकड्याने झाकावे पण खापरीने बुजवू नये, हेही लिहिले होते. आपली झाडे कशात लावलेली होती, याबद्दल आपल्या प्रतिक्रियेत एक अक्षरही नाही. ते न सांगता लेखावर खापर फोडणे सोपे आहे.

पावसाळ्यात मी स्वतः आठवड्यातून दोनदा प्रत्येक बुंधा अंगठ्याने दाबून पाहतो. निरोगी बुंधा कच्च्या कैरीसारखा टणक लागतो. उन्हाळ्यात तो किंचित दबला तर झाड तहानलेले आहे, पण भर पावसात दबला तर आत कूज सुरू झाली आहे असे समजावे. अशा वेळी थांबू नये. झाड उपटून, मुळे धुऊन, तपकिरी झालेला भाग धारदार सुरीने पांढराशुभ्र गर लागेपर्यंत कापत जावे, सुरी प्रत्येक कापानंतर पुसावी, जखमेला बुरशीनाशकाची पूड लावावी आणि जखम पूर्ण वाळून कडक होईपर्यंत झाड कोरड्या जागी टांगून ठेवावे. निम्मा बुंधा कापावा लागूनही पुन्हा मुळे धरलेली झाडे माझ्याकडे आहेत. श्रावणात आपली झाडे सडू लागली तेव्हा आपण बुंधा दाबून पाहिला होता का, एवढेच मला विचारायचे आहे.

चिकाविषयीची आपली तक्रार रास्त आहे. ती सूचना लेखाच्या शेवटी होती, ती आता मी सुरुवातीला घेतली आहे. अडेनियमच्या चिकात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी ग्लायकोसाइडे असतात. टांझानियातील हाद्झा शिकारी बाणांना लावण्याचे विष याच झाडापासून करतात. छाटणी करताना हातमोजे घालावेत, डोळ्याला हात लावू नये, घरात रांगते मूल किंवा कुंड्या कुरतडणारे जनावर असेल तर कुंडी त्यांच्या आवाक्यात ठेवू नये. चीक पोटात गेल्याची शंका आली तरी घरगुती उपाय न करता ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. अडेनियमच्या मुळांचा किंवा सालीचा काढा औषधी असल्याचे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. या झाडाचा आपल्या घरातील उपयोग शोभेचा, आणि तेवढाच.

आणि येथेच आपल्या कण्हेरीचा प्रश्न येतो. विषारी म्हणून अडेनियम नको आणि त्याऐवजी कण्हेर लावा, हा सल्ला आपण पुन्हा एकदा वाचून पाहावा. कण्हेर ही अडेनियमची जवळची नातलग आहे आणि तिचे विष त्याच प्रकारचे, कोणत्याही अर्थाने कमी नव्हे. कण्हेरीची पाने खाणारा तो हिरवा सुरवंट, ज्याच्या मानेवर निळसर डोळ्यांसारखे दोन ठिपके असतात, तो माझ्या अडेनियमवरही येतो आणि एका रात्रीत शेंडे बोडके करतो. त्या किड्याला दोन्ही झाडांचे नाते कळते. आपण मात्र एकाला घातक आणि दुसऱ्याला आपले ठरवता. परदेशी झाडांविषयीच बोलायचे, तर देवळापुढचा चाफा अमेरिका खंडातला आहे आणि ज्याच्या बियांवर आमच्या तालुक्यातील कितीतरी घरे चालतात तो काजू ब्राझीलहून पोर्तुगीजांनी आणलेला आहे. या मुद्द्यावर मला अधिक काही लिहायचे नाही.

हजारोंच्या कलमांविषयीचा आरोप तर लेख न वाचता केलेला दिसतो. पाकळ्यांचे दोन-तीन थर असलेल्या थाई जाती कलमावर होतात आणि महाग असतात, हे मी लिहिले, पण माझी स्वतःची बहुतेक झाडे बियांपासूनच वाढवलेली आहेत, हेही त्याच परिच्छेदात होते. फांदी लावून केलेल्या रोपाचा बुंधा फुगीर होत नाही, बियांपासूनच्या रोपाचा होतो, हे बी लावण्याचे खरे कारण, पैसे वाचतात हे नंतरचे. शेंगा शिंगांच्या जोडीप्रमाणे येतात. त्या तडकण्याआधी त्यांना दोरा गुंडाळावा लागतो, नाहीतर दोन्ही टोकांना केसांचा झुबका असलेले बी वाऱ्याबरोबर शेजारच्या गच्चीवर जाते. ताजे बी वाळूमिश्रित मातीत आडवे ठेवून वरून जेमतेम झाकले की आठवड्याभरात उगवते. हे बी मी मागणाऱ्या वाचकांना विनामूल्य पाठवत आलो आहे. कोणाही विक्रेत्याशी माझा काडीचाही संबंध नाही, आणि तसा तो असल्याचे सुचवण्यापूर्वी आपण विचारायला हवे होते.

आपली प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही आणि टाकणारही नाही. आपल्याला पुन्हा अडेनियम लावायचे असेल तर पावसाळा संपून ऊन स्थिरावल्यावर, किंवा त्याहून बरे म्हणजे फेब्रुवारीत, लावा. कुंडी उथळ घ्या, रुंद घ्या, आणि मिश्रणात ओंजळभर पाणी ओतून ते तळातून किती वेळात बाहेर येते ते पाहा. लगेच आले नाही तर आणखी वाळू घाला. कुंडीचा आकार, मिश्रण, ऊन किती तास मिळते आणि बुंध्याचे जवळून काढलेले छायाचित्र एवढे पाठवलेत, तर मी वेळ काढून उत्तर देईन. हेतूंविषयीच्या आरोपांना मात्र यापुढे माझ्याकडून उत्तर मिळणार नाही.