शाश्वत विकासात आमच्या सोसायटीचा वाटा

पृथ्वी वाचवायची आहे ना? मग 5 जूनला, पर्यावरण दिनी, सकाळी सातच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर तसा मेसेज टाका. हिरवं पान, निळा गोळा, जोडलेले हात. निम्मं काम तिथेच झालं.

मग झाड लावा. नवा खड्डा खणू नका, गेल्या वर्षीचा आहेच. गेल्या वर्षीचं झाड तेवढं त्यात नाही.

कापडी पिशवी गाडीच्या डिकीतच राहू द्या. राज्यात 2018 पासून प्लास्टिकबंदी आहे, तेव्हा भाजीवाला देतो ती पिशवी प्लास्टिकची असूच शकत नाही.

पार्किंगमागचा गांडूळखताचा खड्डा मालमत्ता करातल्या सवलतीसाठी असतो. त्यात गांडुळं हवीत असं कोण म्हणालं? आमच्या खड्ड्यात सध्या दोन फुटक्या कुंड्या आणि एक जुना कमोड सुखाने नांदतायत.

आता कचरा. ओला, सुका, घातक असे भाग घरातच करा, असं 2016 च्या घनकचरा नियमांनीच सांगितलं होतं. तुम्ही एकच काळी पिशवी घ्या आणि गाठ घट्ट मारा. डायपर, चहाचा चोथा, दुधाच्या पिशव्या, कालची बिर्याणी, सगळं एकात. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा असतो म्हणे, पण पंच्याहत्तर इंची टीव्हीच्या घरात लाल पेन कुठून सापडणार! आणि काचेचा ग्लास फुटला तर शिळ्या पोळ्यांखाली सरकवा, अजिबात दिसत नाही. मंगळवारी दुसऱ्या मजल्यावरच्या पिशवीतही दिसला नाही. कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी पिशवीची गाठ सोडून आत हात घातला. घालावाच लागतो, कारण तुम्ही वेगळं केलं नाही की ते त्यांनाच हाताने वेगळं करावं लागतं, आणि भंगारात विकून चार पैसे सुटतात ते त्या सुक्यातूनच. तर्जनी उभी चिरली. जिन्यात रक्त सांडलं. ग्रुपवर पहिला मेसेज काय यावा? ‘जिना कोण पुसणार?’ दुसरा, ‘हातमोजे घालायला काय होतं यांना?’ तिसरा, ‘आपण महिन्याला पैसे देतो की.’ वर चार अंगठे.

अहो, लाज वाटत नाही? दोन डबे ठेवायला कुठली पदवी लागते? फुटकी काच वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर ‘काच’ लिहायला किती वेळ लागतो? गाडी गेटबाहेर पडली की तुमच्यापुरता कचरा संपतो. जिथे पुण्याचा कचरा टाकला गेला, त्या उरुळी देवाची-फुरसुंगीच्या लोकांच्या विहिरी त्याच कचऱ्याच्या पाण्याने नासल्या, तेव्हा कुठे त्यांनी रस्त्यात बसून गाड्या अडवल्या. त्या दिवसांतही तुमची तक्रार एकच होती, ‘आमचा कचरा का उचलत नाहीत?’

बोटाला तीन टाके पडलेत. दवाखान्याचं बिल मी ग्रुपवर टाकलंय, त्यावर मात्र एकही अंगठा नाही. ताई उद्या साडेआठला येणार आहेत, कारण खाडा परवडत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी आपली पिशवी स्वतः खाली आणावी आणि त्यांच्यासमोर स्वतःच्या हाताने सोडावी. मी गेटपाशी उभा आहे.