घोड्याच्या केसांची तार आणि मेणावरची काडी

पोस्ट मोठी आहे. बरेच दिवस मनात साठलेलं आहे, सवडीने वाचा.

माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. माझी पहिली ते चौथी सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेत झाली. शेजारच्या घरातले आजोबा गेले, तेव्हा दिवसकार्याच्या रात्री थाळीवाले बाबा आले होते. ज्यांनी थाळी ऐकलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. काशाची थाळी जमिनीवर ठेवतात. तिच्या मधोमध मेणाचा गोळा दाबून त्यात एक लांब, सरळ काडी उभी रोवतात. त्या काडीवरून बोटं वरून खाली, वरून खाली ओढत राहायचं. काडी थरथरते, ती थरथर मेणातून थाळीत उतरते आणि थाळी गुंजायला लागते. एकच सूर. त्या सुरावर बाबा कोकणा आदिवासींच्या कोकणी बोलीत रात्रभर कथा सांगत होते. मला कथेतलं फारसं काही कळत नव्हतं. आईच्या मांडीवर डोळा लागायचा, जाग यायची, तर सूर तिथेच. कंदिलाच्या उजेडात बाबांची बोटं चाललेलीच.

हे मी विसरले होते. चाळीसेक वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं.

२०२१ साली, करोनाने घरात कोंडलेलं असताना, माझ्या भाच्याने एक अल्बम पाठवला. ‘मावशी, हेडफोन लावून ऐक, दिवा बंद करून.’ नॉर्वेचा ‘वार्द्रूना’ नावाचा गट, अल्बमचं नाव ‘क्वित्राव्न’, म्हणजे पांढरा डोमकावळा. पहिल्या काही मिनिटांतच खालून एक खरखरीत, घोगरा सूर सुरू झाला आणि हलेना. त्यावर बायकापुरुषांचे आवाज चढत गेले. मला त्या ओटीवरचा कंदील दिसला. मी रडले. नॉर्वेजियन भाषेतलं अक्षरही मला कळत नव्हतं.

तेव्हापासून मी या संगीताच्या मागे लागले आहे. लोक याला निओफोक म्हणतात, कुणी नॉर्डिक फोक म्हणतात. नावाबद्दल पुढे बोलते, कारण त्या नावात एक काटा आहे.

वार्द्रूना २००३ साली बर्गनच्या बाजूला सुरू झालं. आयनार सेल्विक हा त्याचा कर्ताधर्ता, गायिका लिंडी-फाय हेला आणि सुरुवातीच्या वर्षांत गाल नावाचा गायक. सेल्विक आधी ‘गोर्गोरोथ’ या ब्लॅक मेटल गटात ड्रम वाजवायचा. म्हणजे कर्कश गिटार, किंचाळणं, काळे कपडे. तिथून हा माणूस जुन्या उत्तरेकडच्या लिपीपाशी आला. ‘रून’ म्हणतात त्या अक्षरांना. त्यांची सगळ्यात जुनी वर्णमाला २४ अक्षरांची आहे आणि प्रत्येक अक्षराला नाव आहे, अर्थ आहे: पाणी, बर्फ, भूर्ज, गारा, दिवस. सेल्विकने ठरवलं की प्रत्येक अक्षराचं एक गाणं करायचं. तीन अल्बम लागले, २००९, २०१३ आणि २०१६ साली आले. पाण्याच्या अक्षराचं गाणं तो नदीत उभा राहून गायला. बाकीच्या गाण्यांतही झाडांची खोडं, दगड, पेटत्या मशालींचा आवाज वाद्यांसारखा वापरला आहे. ज्या अक्षराचा जो ऋतू, जी जागा, तिथे जाऊन ध्वनिमुद्रण.

वाद्यांबद्दल मी तासभर बोलू शकते. ‘तागेलहार्पा’ म्हणून एक वाद्य आहे. ‘तागेल’ म्हणजे घोड्याच्या शेपटीचा केस. तारा त्या केसांच्या, गज त्या केसांचा. आपल्याकडच्या रावणहत्थ्याची एक तारही घोड्याच्या केसांची असते, तेव्हा तो घोगरा, श्वास घेतल्यासारखा आवाज आपल्या कानाला अगदीच परका नाही. या वाद्याला बोटं टेकवायची पट्टी नसते. बोटांची मागची बाजू किंवा नख तारेला बाजूने लावून सूर काढतात. सारंगी बघितलेल्याला हे लगेच समजेल. एक तार सूर फिरवते, बाकीच्या खाली तोच षड्ज धरून ठेवतात.

ही वाद्यं दुकानात मिळत नव्हती. सेल्विकने त्यांतली काही स्वतः बनवायला शिकून घेतली. का मिळत नव्हती, हे समजून घेतलं पाहिजे.

ट्रॉनहाइमच्या निदारोस कॅथेड्रलमध्ये चौदाव्या शतकातलं एक दगडी शिल्प आहे, त्यात एक माणूस असंच गजाचं वाद्य वाजवतो आहे. म्हणजे तेव्हा नॉर्वेत ते होतं. नंतर तिथून ते गेलं. टिकलं ते कडेकडेला, फिनलंडच्या कारेलियात आणि एस्टोनियाच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या स्वीडिश भाषकांत. एकोणिसाव्या शतकात त्या किनाऱ्यावरच्या वोर्म्सी बेटावर धर्मजागृतीची लाट आली, नाचगाणं पाप ठरलं आणि लोकांनी आपल्याच हातांनी आपली वाद्यं नष्ट केली. नॉर्वेत हार्डांगर फिडलचंही तेच झालं. खाली अनुनादाच्या तरफा असलेलं हे देखणं व्हायोलिन, आपल्या सतारीला असतात तशा तरफा, आणि लोक त्याला सैतानाचं वाद्य म्हणायला लागले. कितीतरी फिडल चुलीत गेले. आणि याच लोकांच्या जुन्या कथेत धबधब्यात राहणारा एक ‘फोसेग्रिम’ आहे, तो वादन शिकवतो. त्याला मांसाचा नैवेद्य द्यायचा. नैवेद्य कमी पडला तर तो फक्त सूर लावायला शिकवतो, वाजवायला नाही. ज्या मातीत अशी कथा सुचली, तिथेच वाद्यं जाळली गेली, हे मला अजून पचत नाही.

आणि गाण्याचं काय? व्हायकिंग काळातल्या एकाही गाण्याची चाल आज कुणालाच माहीत नाही. स्वरलेखन नव्हतंच. उत्तरेतली सर्वात जुनी लौकिक चाल जी लिहिलेली सापडते, ती सुमारे १३०० सालच्या एका कायद्याच्या हस्तलिखिताच्या शेवटी, रून लिपीत, दोन ओळी. त्याआधीची एकच काय ती साक्ष: दहाव्या शतकात अंदलुसियाहून, म्हणजे तेव्हाच्या मुस्लिम स्पेनमधून, आलेला अत-तारतूशी नावाचा प्रवासी व्हायकिंगांच्या हेडबी बंदरात थांबला होता. तिथल्या लोकांचं गाणं त्याला कुत्र्यांच्या गुरगुरण्यासारखं वाटलं. आलेला माणूस परका, गाणं त्याला आवडलं नाही, आणि हजार वर्षांनी त्याची ती नावडच तेवढी हातात उरली आहे.

आता मूळ मुद्द्यावर येते.

इतका मोठा खड्डा मधे असताना सेल्विकला सहज म्हणता आलं असतं की हेच ते अस्सल व्हायकिंग संगीत. बाजारात ते विकलंही गेलं असतं. त्याचं संगीत व्हायकिंगांवरच्या गाजलेल्या टीव्ही मालिकेत वापरलं गेलं, व्हिडिओ गेममध्ये गेलं. तरीही तो वर्षानुवर्षं एकच सांगत आला आहे: मी जुनं संगीत पुन्हा उभं करत नाही, जुन्या वाद्यांतून आणि जुन्या विचारांतून नवं संगीत करतो. तो विद्यापीठांत जाऊन यावर बोलतो, काय पुराव्याचं आणि काय आपलं हे वेगळं करून. आपल्याकडे बायका गोधडी शिवतात तेव्हा ठिगळ लपवत नाहीत. धागा मुद्दाम दिसतो. माझा या माणसावर विश्वास बसला तो या उघड्या टाक्यामुळे.

हा विश्वास का महत्त्वाचा? कारण त्या प्रदेशातल्या जुन्या गोष्टींना घाणेरडे हात लागलेले आहेत. ‘निओफोक’ हा शब्दच मुळात ब्रिटनमधला. १९८०च्या दशकात ‘इंडस्ट्रियल’ म्हणजे यंत्रांसारख्या कर्कश आवाजांच्या संगीतातून बाहेर पडून अकूस्टिक गिटार हाती घेतलेल्या काही गटांभोवती तो रुजला आणि त्यांतल्या काहींनी फॅसिस्ट चिन्हांशी नको ती सलगी केली. त्याआधी खुद्द नाझींनी रून अक्षरं पळवली होती. ‘ओदाल’ नावाचं अक्षर घ्या. त्याचा अर्थ वडिलोपार्जित जमीन, आपण ज्याला वतन म्हणू ते. नॉर्वेत शेतघराच्या वारसाचा हक्क आजही ‘ओदेल’ याच नावाने कायद्यात आहे. शेतकऱ्याचा साधा शब्द. नाझींच्या एसएस या सशस्त्र दलाच्या एका डिव्हिजनने तो गणवेशावर लावला आणि तेव्हापासून वंशद्वेष्ट्यांच्या झेंड्यांवर तो दिसतो.

सेल्विकने ते अक्षर गाळलं नाही. २०१६च्या अल्बममध्ये ‘ओदाल’ आहे, आणि त्याच अल्बममध्ये लहान मुलांचं समूहगान आहे. मला हे फार मोठं वाटतं. चोराने नेलेली वस्तू चोराचीच म्हणून सोडून द्यायची, की तिच्या मूळ अर्थासकट घरी आणायची? २०१४ साली नॉर्वेच्या राज्यघटनेला २०० वर्षं झाली, तेव्हा सेल्विक आणि ‘एन्स्लेव्हड’ या मेटल गटाचा ईवार ब्यॉर्न्सन यांच्याकडून एक रचना मुद्दाम करून घेतली आणि ती आइड्सव्होलला, जिथे घटना लिहिली गेली तिथेच, सादर झाली. घटनेच्या उत्सवात हे सूर वाजणं मला योग्य वाटतं.

या गाण्यांखाली लोक लिहितात की माझं रक्त जागं झालं, माझे पूर्वज मला हाक मारताहेत. त्यांच्या भावनेला मी नावं ठेवत नाही. पण माझे पूर्वज नाशिक जिल्ह्यातले. माझ्या रक्तात बर्फ नाही की फ्योर्ड नाही. माझ्या अंगावर काटा आला तो कशाने? धरून ठेवलेला एक सूर, त्यावर पुन्हा पुन्हा येणारी ओळ आणि मेलेल्या माणसाला वाटेला लावण्यासाठी जागणारी माणसं. वार्द्रूनाच्या एका गाण्यात मरणाच्या वाटेवरचा माणूस विचारतो की मला गाऊन कोण पोहोचवणार. सुरगाण्यात त्या रात्री बाबांनी शेजारच्या आजोबांना असंच पोहोचवलं होतं. या सुराचा वंशाशी काही संबंध नाही हे मी अनुभवाने सांगते आहे.

आता आपल्याकडे काय चाललंय ते बोलते, कारण पोस्ट लिहायला बसले ती त्यामुळेच.

गेल्या वर्षी एका फ्यूजन कार्यक्रमाला गेले होते. रंगमंचावर धूर, निळे दिवे, बास गिटार, आणि स्पीकरमधून थाळी. मी खुर्चीत ताठ झाले. तोच सूर, चार सेकंदांचा तुकडा, गोल गोल फिरवलेला. निवेदिका म्हणाल्या, ‘हा प्राचीन आदिवासी नाद.’ कार्यक्रम संपल्यावर मी आत जाऊन विचारलं की थाळी कुणी वाजवली आहे. एकाने सांगितलं, ‘फील्ड रेकॉर्डिंग आहे.’ कुठलं? ‘त्या डांग साइडचं.’ नाव? नाव कुणालाच माहीत नव्हतं. माहीत नसल्याचं कुणाला वाईटही वाटलं नाही.

मला घरी येईपर्यंत बोलता आलं नाही. प्राचीन? ती थाळी वाजवणारा माणूस बहुधा आजही जिवंत आहे. त्याची नागलीची शेती असेल, नातवंडं असतील. नॉर्वेतल्या माणसाला हजार वर्षांचा खड्डा नव्या रचनेने भरावा लागला, कारण विचारायला कुणी उरलंच नव्हतं. आपल्याला तशी सवलत नाही. तारपा वाजवणारे वारली आहेत, कणसरी या धान्यदेवीची कथा सांगणारे भगत आहेत, संबळ वाजवणारे गोंधळी आहेत. एसटीने दिवसभरात पोहोचता येतं त्यांच्यापर्यंत. ज्याला धूर आणि निळे दिवे लावायचे त्याने जरूर लावावेत, मी नव्याच्या विरोधात नाही, वार्द्रूना ऐकून रडणारी बाई नव्याच्या विरोधात कशी असेल? पण आधी जाऊन बसा. नाव विचारा, ते छापा, मानधन द्या, आणि जमलं तर त्यालाच रंगमंचावर बोलवा. कुठला भाग त्याचा आणि कुठला तुमचा, ते सांगा.

हे करता येतं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या समाजअभ्यासकांच्या पुढाकाराने जात्यावरच्या ओव्यांचं जे काम झालं, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, आणि आज त्या ऑनलाइन ऐकताना ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव दिसतं. पिठाने माखलेल्या हाताच्या बाईचं नाव! तेवढं पाहूनच मला भरून येतं.

दिवाळीनंतर मी सुरगाण्याला जाऊन आले. शाळेची इमारत नवी झाली आहे. थाळीवाले बाबा केव्हाच गेले. त्यांचा नातू सातपूरला कंपनीत होता, आता परत येऊन भात लावतो. त्याने मला ओळखलं नाही, पण ‘गुरुजींची मुलगी’ म्हटल्यावर बाज टाकून दिली. मी भीत भीत थाळीबद्दल विचारलं. तो आत गेला आणि फडक्यात गुंडाळलेली थाळी घेऊन आला. मधोमध जुन्या मेणाचा काळा डाग होता. त्याने त्यावर अंगठा फिरवला.

‘दोन कथा येतात मला, ताई. बाबांच्या मागे बसायचो ना. पण मेण वाळून गेलंय.’ मग थोडं थांबून म्हणाला, ‘जंगलात पोळं धरलंय एक. होळीच्या आत काढतो. तुम्ही या.’