पंधरा मिनिटांत टॅब्लेटची बॅटरी मेलेली ठरवू नका

जूनच्या शेवटच्या आठवड्यात विदर्भातल्या शाळा उघडल्या, की उन्हाळाभर लोखंडी कपाटात पडून राहिलेले टॅब्लेट बाहेर निघतात आणि गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा: चार्जरला लावून पंधरा मिनिटांत पडद्यावर काही दिसले नाही तर बॅटरी मेली समजावे, दोष बहुधा गावच्या कमी दाबाच्या लाईनचा असतो, बॅटरी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवल्यास किंवा मोटारसायकलच्या बॅटरीचा क्षणभर झटका दिल्यास ती जागी होते. यातले काही निरुपयोगी आहे आणि काही जीवघेणे.

पंधरा मिनिटांची मुदत सर्वांत जास्त नुकसान करते, कारण तिच्यामुळे चांगली उपकरणे भंगारात जातात. टॅब्लेटमधील लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरल्यावर साधारण 4.2 व्होल्ट असते. टॅब्लेट बंद असला तरी ती हळूहळू उतरतच राहते आणि चंद्रपूर-ब्रह्मपुरीसारखा 45 अंशांचा उन्हाळा तो वेग वाढवतो. दाब 3 व्होल्टच्या खाली गेला की चार्जिंगचे नियंत्रण करणारी चिप मुद्दामच नेहमीच्या सुमारे एक दशांश प्रवाह सोडते, कारण रिकाम्या बॅटरीत एकदम जोराचा प्रवाह घालणे धोक्याचे असते. या काळात पडदा उजळण्याइतकी शक्तीच बॅटरीत नसल्यामुळे टॅब्लेट मेल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात आत काम चालू असते. म्हणून मूळ चार्जर, किंवा निदान 5 व्होल्ट 2 अँपिअरचा चांगला चार्जर, भिंतीतल्या सॉकेटला लावून टॅब्लेट काही तास, गरज पडल्यास दिवसभर, कोणीतरी लक्ष ठेवून राहील अशा जागी तसाच राहू द्यावा. संगणकाच्या जुन्या यूएसबी पोर्टमधून जेमतेम अर्धा अँपिअर मिळतो, त्यावर विसंबू नये. नंतर पॉवरचे बटण तीस सेकंद दाबून धरावे.

त्याआधी चार्जिंगच्या छिद्रात टॉर्च मारून पाहावे. आपल्याकडे धुळीबरोबर कापसाचे तंतू तिथे दाबून बसतात, पिन पूर्ण आत जात नाही आणि दोष बॅटरीच्या माथी येतो. कोरड्या लाकडी काडीने ते अलगद काढता येतात. सुई किंवा टाचणी घालू नये.

लाईनचा दाब कमी असल्याचा दावा तर चार्जरवरची बारीक अक्षरे वाचली तरी टिकत नाही. बहुतेक चार्जरवर 100 ते 240 व्होल्ट असे छापलेले असते. लाईन वारंवार जाणे ही अडचण मात्र खरी आहे, म्हणून ती टिकते अशी वेळ निवडावी.

थंडीने बॅटरीत वीज येत नाही. शून्याखालच्या तापमानात चार्ज केल्यास आत धातुरूप लिथियम साचून ती कायमची बिघडते, आणि फ्रीजरमधून काढलेल्या उपकरणात दमट हवेचे पाणी धरते.

झटक्याबद्दल मात्र कोणतीही सवलत नको. मोटारसायकलची बॅटरी 12 व्होल्टची असते आणि ती थेट जोडली की आतले संरक्षक सर्किट बाजूला पडते. बॅटरी दीर्घकाळ 2 व्होल्टच्या खाली राहिली असेल तर आतले तांबे विरघळलेले असू शकते. पुढे चार्ज करताना तेच तांबे आत शॉर्टसर्किट घडवते आणि आग लागते. अशी बॅटरी चार्ज घ्यायला नकार देते, तो नकार सुरक्षेसाठी असतो. हा प्रयोग मुलांच्या हातातल्या वस्तूवर करण्याचा सल्ला कोणीही पुढे पाठवू नये.

दिवसभरानंतरही काही हालचाल नसेल तर तालुक्याच्या जाणत्या कारागिराकडून बॅटरी बदलून घ्यावी. मागचे झाकण फुगलेले असेल, गोडसर रासायनिक वास येत असेल किंवा टॅब्लेट चटका बसण्याइतका तापत असेल, तर चार्जर लगेच काढावा आणि पुन्हा लावू नये. पुढच्या सुटीआधी टॅब्लेट निम्म्यापर्यंत चार्ज करून, पूर्ण बंद करून, टिनाच्या छपराखाली न ठेवता घरातल्या गार खोलीत ठेवावा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा चार्ज करावा.